कोळ्याचं बारसं

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. माहेरचं नाव मला फार आवडायचं. ते त्या ताटात संपलं. फोटोवाला भैया तेवढा म्हणाला, "दीदी, थोडा मुस्कुराइए." मी हसले. अल्बममध्ये आजही खूश दिसते.

हे जबलपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. लोकांच्या बायका सुट्टीत शिमल्याला जातात. आमची प्रत्येक सुट्टी सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, ओल्या पाचोळ्यात बिळं शोधण्यात गेली. त्या बिळांत एक काळा, जाडा कोळी राहतो. हवेत जाळं विणायचे कष्ट घेत नाही. दारात बसून आयता घास येण्याची वाट बघतो. घरी ह्यांचं काही फार वेगळं नसतं.

एका वर्षी ह्यांची खात्री पटली, की हा कोळी अजून जगाला ठाऊकच नाही, म्हणजे नाव ठेवायचा मान आपला. मोठ्या मनाने त्यांनी त्याला माझं नाव दिलं. अर्थात तांदळातलं. सासूबाई खमरियाहून तातडीने आल्या.

"कोळ्याला सुनेचं नाव? काहून, माझं नव्हतं का?"

त्यांची समजूत घालून पेढे वाटले. नाव छापूनही आलं. मग परदेशातल्या एका तज्ज्ञाचा मेल आला. हा कोळी फार पूर्वीच कुणाला तरी सापडलेला होता आणि त्याला नावही होतं.

ह्यांनी जेवणावर राग काढला. मी विचारलं, "मग तुम्ही ठेवलेल्या नावाचं काय?"

"बाद. नियमच आहे तसा. पहिलं नाव तेच खरं. नंतरच्याने कितीही हौसेने ठेवलं तरी चालत नाही."

"काहून?"

"अगं, त्या जिवाला आधीची ओळख आहे ना! ती आपण कोण पुसणार?"

मला संतापही आला आणि हसूही. तव्यावरची पोळी तशीच राहिली.

"चलो, बरं झालं," मी म्हणाले. "मग आजपासून मलाही माझ्या पहिल्या नावाने हाक मारा."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. छताकडे बघितलं.

"थांब जरा," ते म्हणाले, "आठवून राहिलो."