रश्श्याशिवाय वाढलेली कोंबडी

आमचा जपानी काका जेवायचा तो कानांनी. घास तोंडात गेला की डोळे मिटायचा, मान किंचित तिरकी करायचा आणि आतून काही बातमी येणार असल्यासारखा ऐकत राहायचा. पापड असो, भाजलेली सुकट असो, नाहीतर आईनं तळलेली कुरडई असो, त्याचा निकाल दोनांपैकी एक असे: "आवाज बरा आहे," किंवा "आवाज बसलाय." चवीला तो फार विचारत नसे. आई वैतागून म्हणायची, भाऊजींच्या ताटात एकदा टाळ-मृदंगच वाढते, म्हणजे पोट भरेल.

काका जपानी नव्हता, हे सांगायला नको. किन्हवलीजवळच्या आमच्या गावात भाताच्या बांधांवर वाढलेला तो माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तरुणपणी मुंबईला गेला आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या एका जपानी साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला राहिला. साहेब भारी अबोल. काकानं केलेलं कोंबडीचं कटलेस तो दातांखाली धरायचा, आवाज मनासारखा आला तर मान हलवायचा, नाहीतर बशी बाजूला सारायचा. त्या कटलेसला साहेब कात्सु म्हणे. त्या एका मान हलवण्यावर काकानं आपली उमेदीची वर्षं काढली, लग्नाचंसुद्धा विसरला. मग पूर्वेकडं लढाईची चिन्हं दिसू लागली तसा साहेब बिऱ्हाड गुंडाळून मायदेशी गेला आणि काका पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आला. माझे वडील त्याआधीच गेले होते. त्यामुळे ट्रंक खाली ठेवतो न ठेवतो तोच तो आमच्या घरचा कर्ता पुरुष झाला.

पुढं लढाई खरोखरच पेटली आणि गावानं ठेवलेलं जपानी हे नाव त्याला भोवलं. शहापूरहून फौजदार सायकल मारत आले, गावात एक जपानी राहतो अशी खबर होती म्हणून. गावानं इमानदारीनं बोट दाखवलं. पडवीत काका उघड्या अंगानं लसूण सोलत बसला होता. फौजदारांनी बरंच दरडावलं, पण काकाला गुन्हा कसला तेच उमजेना. त्यानं आपला धंदा काय ते सांगितलं, आणि नुसतं सांगून पटणार नाही म्हणून एक कटलेस तळून पुढं ठेवलं. फौजदार खाऊन उठले आणि नाव तेवढं बदला, असं बजावून गेले. चीन आपल्या बाजूचा असल्यामुळे पोलीस पाटलांनी त्याला त्या दिवसापासून चिनी काका म्हणायचं ठरवलं. गावानं ते आठवडाभर पाळलं.

काका कटलेस करायला बसला की शेजारच्या बायका हातातली कामं टाकून बघायला यायच्या. कोंबडीच्या छातीचं मांस तो हाडापासून अलगद सोडवून घ्यायचा. दिवसभर उकिरडे उकरत हिंडणारी गावठी कोंबडी ती, मऊ कुठली असायला. मग तो तुकडा पाट्यावर ठेवून वरवंट्यानं हलक्या हातानं ठोकायचा आणि तेलात मुडपू नये म्हणून कडांना बारीक चिरा द्यायचा. वर मीठ आणि मिरपूड. त्यानंतर तांदळाच्या पिठात घोळवून, फेटलेल्या अंड्यात बुडवून, वाळलेल्या पावाच्या जाडसर चुऱ्यात ठेवायचा आणि वरून तळहात टेकवायचा. "दाबायचं नाय, बाय," तो मला सांगे, "तान्ह्या पोराच्या छातीवर हात ठेवतो ना, तेवढाच." स्वतःचं पोरबाळ नसलेला माणूस हे कुठं शिकला होता कोण जाणे.

तळायचंही दोनदा. आधी मंद आचेवर, मग जरा विसावा, मग कडक तेलात. बाहेर काढलेलं कटलेस ताटात आडवं ठेवलेलं त्याला खपत नसे. चाळणीत कडेला टेकून उभं ठेवायचं. आडवं पडलं की आपल्याच वाफेनं मऊ पडतं आणि कामातून जातं, असं तो म्हणायचा. हे वाक्य मात्र दुपारी पडवीत आडव्या झालेल्या आमच्या भाऊबंदांकडं बघून, जरा मोठ्यानं.

घोडं अडायचं ते पावापाशी. पाव खाल्ला की माणूस बाटला, असं मानणारी माणसं तेव्हा घरोघर होती, आणि आमच्या घरी तर ती थेट चुलीपुढंच बसलेली होती. आई कोंबडी साफ करून द्यायची, अंडी फेटून द्यायची, पण पाव तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. काकानं गोठ्यामागं तीन दगडांची वेगळी चूल मांडली. पावासाठी तो आटगावपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं आगगाडीनं कल्याणला जायचा आणि लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पाव मिटलेल्या छत्रीत घालून आणायचा. श्रावणात एकदा भर पावसात तो छत्री काखेत मारून चिंब भिजत आला. लोक हाका मारून सांगत होते, अहो, छत्री उघडा. काका त्यांना हात करत तसाच चालत राहिला.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं, पण मी लग्नाची झाले होते. शहापूरकडचं एक चांगलं स्थळ जवळजवळ ठरलं आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की या घरात पाव खातात. ते लोक परत फिरकले नाहीत. त्यानंतर काकानं गोठ्यामागची चूल मोडली आणि बरेच दिवस माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. वडील नसलेल्या पोरीचं लग्न मोडलं की गावाच्या तोंडाला किती धार येते, ते मी तेव्हा ऐकलं.

पुढं मुरबाडकडचं स्थळ आलं. माणसं खाऊनपिऊन सुखी, मुलगा निर्व्यसनी. बघायला मुलाचे वडील येणार होते आणि त्यांची थोरली बहीण, आत्याबाई. आत्याबाईंच्या शब्दाबाहेर त्या घरातलं मांजरही जात नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि सोवळ्याओवळ्यात त्या आईच्याही चार पावलं पुढं होत्या. आईनं काकाला बजावलं, पाहुण्यांना कोंबडी-वडे करायचे, ते मी करीन, तुम्ही फक्त गप्पा मारा. काका चुलीपुढं येऊन बसला. मग म्हणाला, "वहिनी, बायला देन्यासारखं माज्याकडं दुसरं काय हाय? शेत दादाचं, घर दादाचं. मला एवढी एकच गोष्ट चांगली येते."

आई तयार झाली, पण तिनं अटी घातल्या. पावाचं नाव कुणी काढायचं नाही. आणि सुरीनं कटलेसच्या पट्ट्या कापायच्या नाहीत, कारण कापलेला घास पाहुण्याच्या ताटात उष्ट्यासारखा दिसतो. काकानं सगळं कबूल केलं, गोठ्यामागं पुन्हा तीन दगड मांडले आणि छत्री घेऊन कल्याणला गेला.

पाहुणे आले, बोलणी बरी झाली, पानं मांडली. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. भात, मुळ्याचा कीस आणि मधोमध गरमागरम कटलेस. इतकं देखणं मी त्याच्या हातचंही आधी पाहिलं नव्हतं. काका खांबाशी मान तिरकी करून उभा राहिला.

आता आमच्या भागात कोंबडी म्हटली की वडे, आणि वडे म्हटले की रस्सा. रस्सा यायच्या आत वड्याला हात लावणं हा हावरटपणा. पाहुण्यांनी ताटातली ती सोनेरी तळलेली वस्तू पाहिली आणि वडे म्हणून मनात नोंदवून टाकली. ते सभ्य माणसांसारखे रश्श्याची वाट पाहत बसले आणि काका सभ्य माणसासारखा आवाजाची वाट पाहत उभा राहिला.

काका म्हणाला, करा सुरू. मुलाचे वडील म्हणाले, करू की, सगळं येऊ दे, घाई नाही. मग बैलांचं बोलणं निघालं, भाताच्या रोपांचं निघालं. कटलेसांवरची वाफ विरत चालली होती आणि तिच्याबरोबर काकाचा चेहरा. गार होतंय, असं तो दोनदा म्हणाला. आम्हाला गार चालतं, असं आत्याबाईंनी त्याला समजावलं. मधेच कुठूनसा बारीक कुरकुर आवाज आला तसं काकानं चमकून पाहिलं, पण सगळ्यांचे हात आपापल्या मांडीवर होते. शेवटी आत्याबाईंनी स्वयंपाकघराकडं मान वळवून विचारलं, "कोंबडी शिजायची हाय काय गो अजून?"

तेव्हा कुठं काकाला उलगडा झाला. ताटात आहे तीच कोंबडी, असं सांगावं तर हाडं कुठं गेली, वरचं आवरण कसलं, अशी विचारपूस थेट पावापर्यंत पोचणार. तो स्वयंपाकघराकडं बघू लागला.

वाचवलं ते आईच्या काटकसरीनं. काकानं मांस काढून घेतलेली हाडं टाकवेनात म्हणून तिनं घरच्यांपुरता वाटण लावून त्यांचा रस्सा करून ठेवला होता. ती टोप घेऊनच बाहेर आली. पाहुण्यांचे चेहरे उजळले. त्यांनी कटलेसं मोडली, रश्श्यात बुडवली, चांगली भिजू दिली, आत लागलं ते मांस रश्श्यातलंच धरलं आणि मन लावून जेवले. काकानं डोळे मिटून घेतले. आत्याबाई हाडं चोखत म्हणाल्या, कोंबडी इतकी शिजली आहे की हाडाला मांसच उरलेलं नाही, आणि वड्यांतही रस्सा काय मुरलाय. मग त्यांनी वर पाहून विचारलं, "वडे कुनी केले? पीठ कसलं?"

फौजदारापुढंही आपलं कटलेस न नाकारलेल्या माणसानं एकदा आईकडं बघितलं. मग म्हणाला, "तांदळाचं. उडीद घातलेत. आमच्या वहिनींनी केले."

त्याच पंगतीत माझं लग्न ठरलं.

सासरी आत्याबाई मला मान देत, पण माझे वडे खाऊन दर वेळी म्हणत, आईची सर नाही. मी मुकाट्यानं ऐकून घ्यायची. माहेरी गेले की काका गोठ्यामागं पुन्हा दगड मांडायचा, मला एकटीला तळून द्यायचा आणि मी खात असताना मान तिरकी करून बसायचा. त्या पंगतीबद्दल तो माझ्याशी कधीच बोलला नाही. मीही ते त्याला कधी विचारलं नाही.

स्वातंत्र्य आल्यानंतर दुसऱ्या वर्षी काका तापानं गेला. दहाव्याला मुरबाडहून मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि आत्याबाई आले होते. नदीकाठी पिंड मांडला, पण कावळा शिवेना. समोरच्या करंजावर बसून तो आमच्याकडं बघत होता. आईनं हात जोडून सांगितलं की तुमच्या कोंबड्या मी सांभाळीन. भाऊबंदांनी बांध कोरणार नाही, असं कबूल केलं, हे विशेषच. मीही मनातल्या मनात काय काय बोलले. कावळा हलला नाही. ऊन डोक्यावर आलं.

तेव्हा मामंजी पुढं झाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि कावळ्याकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"ते वडे नव्हते. कोंबडी होती ती, आनि वर पाव होता. रस्सा यायच्या आधीच मी हळूच कड मोडून तोंडात टाकली. कल्यानला कामानं जायचो तवा पाव खाल्लेला, म्हनून चव कळली. आनि तुमीच केलंत ते, हेबी तुमच्या तोंडाकडं बघून कळलं. पोरीसाठी तुमी त्याच्यावरचं आपलं नाव पुसलंत. असा मानूस ज्या घरात हाय, तिथली पोर सोडायची नाय, म्हनून मी हो म्हटलं."

कावळा खाली आला. तो या बोलण्यानं आला की भुकेनं, यावर आमच्याकडं अजून वाद आहे. मी मात्र तिथंच बसले आणि पोटभर रडले.

परतताना गाडीत आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलत नव्हत्या. आपल्याला इतकी वर्षं अंधारात ठेवलं, त्यात भाऊही सामील, शिवाय पोटात पाव. आता घरी गेल्यावर मला काय काय ऐकून घ्यावं लागणार, याची मी मनाशी तयारी करत होते. मुरबाडचा रस्ता लागला तशा त्या जरा सरकून जवळ आल्या, पुढं बसलेल्या मामंजींकडं एकदा बघून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाय, कल्यानला तो पाव नेमका कुठं मिळतो गो?"