पत्रावळीवरचा हात

पिंप्राळ्याच्या एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पंगतीत धुळ्याहून आलेले एक पाहुणे होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही. वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन होऊन त्यांना दोन महिने झाले होते, पण सदरा अजून जुन्याच मापाचा होता. ते चमचाभर भरीत तोंडात घालायचे, चमचा खाली ठेवायचे आणि बराच वेळ चावत राहायचे. शेजारी त्यांची म्हातारी आई होती. तिनेही स्वतःला तेवढंच वाढून घेतलं होतं.

"भाऊ, नव्या नवरीसारखं काय खाताय!" समोरून कोणीतरी ओरडलं.

सगळे हसले. तेही हसले. "पोट डॉक्टरनी लहान करं," ते म्हणाले, "पण तुमना आग्रह कोण लहान करी?"

वाढायला मी होतो. एक घास जास्त झाला तरी त्यांना उलटी होते, हे मित्राने मला सांगितलं होतं. आपल्याकडे या आग्रहाला माया म्हणतात. मी त्याला जबरदस्ती म्हणतो. तरीही "एक पळी तरी घ्या" म्हणत मी वाकलोच.

आईने झटकन त्यांच्या पत्रावळीवर हात आडवा धरला. गरम, तेलकट भरीत तिच्या बोटांवर पडलं. तिने हात काढला नाही.

"हाई पोट मीच वाढाडं व्हतं," ती म्हणाली. "आते मीच राखसू."

पाहुण्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला. मग सदऱ्याच्या सैल टोकाने तिची बोटं पुसली.