हँडब्रेकवाले भावोजी

माझ्या भावोजींइतका भित्रा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात तरी दुसरा नाही. हे मी उगीच बोलत नाही. भीती म्हणजे काय ते मला घरातूनच ठाऊक आहे. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या पल्याड आमची वाडी. डांबरी रस्ता संपतो तिथून वाडीपर्यंत रानातली जुनी गाडीवाट, पावसाळ्यात तिचा ओढा व्हायचा. बाबा मुंबईत एका गोदामात कामाला होते. छातीचं दुखणं घेऊन घरी आले आणि भर आषाढात वाडीतल्या माणसांनी त्यांना डोलीत घालून खाली न्यायला काढलं. डांबर लागायच्या आतच ते गेले. मग आईने दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणी करून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं, आणि त्यासाठी रोज तीच वाट तुडवली. शाळेत जाताना बिबट्याने लांब राहावं म्हणून आम्ही दोघी मोठमोठ्याने पाढे म्हणायचो. ताईचे पंधरावर अडकले, माझे तिसापर्यंत गेले. पुढे मी बी.एस्सी. झाले, वाडीतली पहिली. हे मी लाजत लाजत सांगणार नाही. आज रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये मी लोकांचं रक्त तपासते. पण त्या वाटेची धास्ती काही पदवीने गेली नाही.

तर अशा घरात भावोजी जावई म्हणून आले. लोट्याला एका केमिकल कंपनीत ते सुरक्षा विभागात आहेत. दिवसभर दुसऱ्यांना 'हे करू नका, तिथे उभे राहू नका' सांगायचं, हीच नोकरी. माणूस ड्युटी संपली की हेल्मेट काढतो, यांनी ते डोक्याच्या आत घातलेलं. कंपनीच्या बसमध्ये हे आपत्कालीन खिडकीशेजारीच बसणार, आणि ती उघडते की नाही हे बघितल्याशिवाय बस सुटू देणार नाहीत. लग्नात सप्तपदीच्या वेळी होमाशेजारी वाळूची बादली ठेवली होती. ती यांनीच स्वतः आणून ठेवलेली. भटजी म्हणाले, "अहो, हा पवित्र अग्नी आहे." भावोजी म्हणाले, "अग्नीला कुठे ठाऊक असतं?" घरात गॅस बंद केल्यावर ताईला दोनदा विचारतात, मग स्वतः जाऊन बघतात, आणि आपण खरंच बघितलं का, हे मला फोन करून विचारायला सांगतात.

असा माणूस डोंगर-चिखलात जीप घालणाऱ्यांच्या क्लबात कसा शिरला, हे सगळेच विचारतात. त्याचं उत्तर त्यांच्या भीतीतच आहे. पावसाळ्यात हायवेच्या खड्ड्यांची त्यांना इतकी दहशत बसली की त्यांनी चारही चाकं ओढणारी जुनी जीप घेतली. जीप घेतल्यावर नवी भीती: एकटे कुठे अडकलो तर? म्हणून क्लबात नाव घातलं. "अगं, क्लबात असलं की ओढून काढायला माणसं असतात," ते मला म्हणाले, "एकट्याने गाडी चालवणं हे किती धोक्याचं!" क्लबाचा कप्तान हा पावस बाजूचा आंबा बागायतदार, उघड्या जीपमधून उभ्या उताराला एका हाताने जाणारा गडी. पहिल्याच सहलीला क्लब दापोलीच्या मुरुडला गेला. बाकीच्यांनी गाड्या वाळूत घातल्या. भावोजींनी आपली रस्त्यावर लावली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि गळ्यात शिट्टी घालून किनाऱ्यावर उभे राहिले. जरा मोठी लाट आली की शिट्टी. थोड्या वेळाने पाण्यात डुंबणारे सगळे पर्यटक निमूट बाहेर येऊन बसले. त्यांना वाटलं, सरकारी माणूस आहे. कप्तान पोट धरून हसला, पण त्या दिवसापासून भावोजींना 'साहेब' म्हणायला लागला.

आमच्या वाडीची वाट क्लबाकडे आली ती भावोजींमुळेच. दर शिमग्याला आणि गणपतीला सासुरवाडीला यायचं म्हणजे ते रान चालत ओलांडायचं. बिबट्या, गवा, फुरसं, जळवा, वरून पडणारी सुकी फांदी, सगळ्यांची भीती ते एकाच वेळी बाळगून चालायचे आणि सारखे खाकरायचे. शेवटी एकटं चालायला नको म्हणून ते अख्खा क्लबच घेऊन आले. वनखात्याकडून परवानगी मिळाली ती अशी की यंत्र लावायचं नाही, उभ्या झाडाला हात लावायचा नाही, आहे तीच वाट हातांनी सांभाळायची. मग दर रविवारी शहरातली माणसं कोयते, पहारी, घमेली घेऊन यायला लागली. वाटेवर पडलेलं खोड बाजूला करायचं, घाणेरीचं रान मागे सारायचं, पावसाचं पाणी वाटेवरून न वाहता कडेने जावं म्हणून चर मोकळे करायचे. आईला ते बघून हसू यायचं. "ही मानसं घरी झाडू तरी धरतात काय गो?" ती विचारायची, आणि सगळ्यांना सोलकढी पाजायची.

काम सुरू करायच्या आधी रानाच्या तोंडाशी राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्याकडची रीत. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. हा मान भावोजींनी मागून घेतला. एरवी गाऱ्हाणं चहा निवायच्या आत संपतं. यांचं संपता संपायचं नाही.

"बा राखणदारा महाराजा! तुझी लेकरं आज तुझ्या हद्दीत हत्यारं घेऊन आली आहेत."

"होय महाराजा!"

"कोणाच्या हातचा कोयता सुटू नये. कोणाच्या पायावर पहार पडू नये. ज्यांनी बूट न घालता चपला घातल्या आहेत, त्यांना तू बुद्धी दे."

"होय महाराजा!"

"हँडब्रेक ओढल्याशिवाय कोणी गाडीतून उतरू नये. आणि जो ओढणार नाही, त्याचं नाव मला कळावं."

"साहेब, आटपा," कप्तान डोळे मिटूनच म्हणायचा, "राखणदाराला जांभई आली." पण उत्तर सगळे द्यायचे. माझ्या मते त्यांतल्या निम्म्यांना तीच भीती असायची, भावोजी ती सगळ्यांच्या वतीने बोलून टाकायचे.

त्या वाटेवर अर्ध्यात कातळाचा एक मोठा टप्पा होता. माणसाच्या कमरेइतका उंच, शेवाळलेला, आणि एका अंगाला सरळ दरी. वाडीत त्याला 'उंबरा' म्हणत. बाकीची वाट दुरुस्त होत आली तशी भावोजींनी मांडलं की हा उंबरा दगडगोट्यांनी भरून सरळ उतार करू. मग कप्तान म्हणाला, "अहो साहेब, हा बुजवलात तर आम्ही इथे यायचं कशाला? अख्ख्या वाटेत मजा ती इथेच." मत घेतलं तेव्हा भावोजींचा एकट्याचा हात वर होता. मी क्लबात नव्हते, पण तोंड होतं. मी विचारलं, "मग रुग्णवाहिका वर कशी येणार?" कप्तान छातीवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, आम्ही आहोत ना! एक फोन करा, गाडी तुमच्या दारात." तो खोटं बोलत नव्हता. गाडी चालवायची हौस असणाऱ्याला प्रत्येक अडचणीवर गाडी हाच उपाय दिसतो, इतकंच. पण मला त्या दिवसापासून उंबऱ्याची जास्तच भीती वाटायला लागली. वाट झाली, सगळे म्हणत होते. अन् आजारी माणूस तिथून उतरणार कसा, हे कोणी बोलत नव्हतं.

भावोजींनी उंबऱ्यावरून गाडी कधी स्वतः चढवली नाही, उतरवली नाही. ते आधीच गाडीतून उतरायचे, कप्तान त्यांची जीप वर चढवायचा, आणि हे मागून झाडांना धरत चालत यायचे. त्या वर्षी गणपतीला कप्तानाने जीप अशीच आमच्या अंगणात आणून ठेवली आणि तो स्वतःच्या घरी गणपतीला गेला. आम्ही सगळे वाडीत. गौरी आणायच्या दिवशी सकाळी आई तेरडा आणायला मळ्याच्या बांधावर गेली आणि हात धरून परत आली. चेहरा शांत. "फुरसं हुतं," म्हणाली, "झाडाखाली दिसलं नाय."

फुरशाचं विष रक्तावर जातं. मी रोज रक्त बघते, मला त्या क्षणी नको ते सगळं आठवायला लागलं. माझे हात चालेनात. भावोजींचे मात्र चालले. "बांधू नका, कापू नका, चालवू नका," असं भराभरा म्हणत त्यांनी आईचा हात लाटण्याला टॉवेलने अलगद गुंडाळून स्थिर केला. पडवीच्या कोपऱ्यात रेंज येते, तिथून फोन केले. रुग्णवाहिका डांबरापर्यंतच येणार होती, तीही उशिरा. कप्तानाने फोन उचलला, पण तो होता पावसला, रत्नागिरीच्याही पलीकडे. तोवर शेजारी डोली घेऊन आले. आईने ती बघितली आणि मान फिरवली. "त्यात मी बसायची नाय. त्यातून ह्यांना नेलं." ताई रडायला लागली. आईच्या मनगटाच्या वर सूज सरकत होती, ती मला डोळ्यांनी दिसत होती.

भावोजींनी खिशातून किल्ली काढली. गाडीत बसल्यावर ती भोकात जाईना, ती मी घातली.

उंबऱ्यापर्यंत आम्ही नीट आलो. तिथे त्यांनी गाडी थांबवली. पाऊस लागला होता. पुढच्या काचेतून वाट दिसेचना, नुसतं आभाळ आणि समोरच्या डोंगराचा माथा. भावोजींचा घाम मला वासाने कळत होता. मला वाटलं, आता हे उतरतील आणि आम्ही इथेच राहू. त्यांनी स्टेअरिंग सोडून हात जोडले.

"बा महाराजा," ते म्हणाले, "मला भीती वाटते."

मग मागच्या सीटवरून, ताईच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या आईने उत्तर दिलं, "होय महाराजा."

आणि भावोजींनी गाडी सोडली. जीप पुढे कलली, खालून लोखंड कातळावर घासल्याचा असा आवाज झाला की गाडीचे दोन तुकडे झाले असं वाटलं. दरीकडचं चाक हवेत फिरत होतं, मला ते दारातून दिसत होतं. भावोजी मोठमोठ्याने ओरडत होते, शब्द नव्हते, नुसता आवाज. मग सगळी चाकं खाली आपटली. सायलेन्सर मागे उंबऱ्यावर राहिला आणि आम्ही तोफेसारखे धडधडत खाली निघालो.

संगमेश्वरच्या दवाखान्यात आईला वेळेत इंजेक्शनं मिळाली. तिला खाटेवर घेतल्याचं बघितलं आणि भावोजी उभ्याचे आडवे झाले. नर्सने त्यांनाही शेजारच्या खाटेवर घालून सलाईन लावलं. सासू आणि जावई शेजारी शेजारी, दोघांच्या वर बाटल्या. संध्याकाळी आईला जरा बरं वाटलं, तशी तिने मान वळवून विचारलं, "जावयबापू, हँडब्रेक वढलात ना?" भावोजी ताडकन उठून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ओढला नव्हता. जीप आपली आपण सरकत जाऊन आवारातल्या जास्वंदीत शिरून उभी होती.

कप्तान भिजून चिंब तिथे आला. आईच्या पायाशी उभा राहिला. पुढच्या रविवारी मात्र सगळा क्लब उंबऱ्यावर घमेली घेऊन हजर. या वेळी मत घेतलं नाही. "साहेब, उतार केवढा ठेवायचा?" कप्तानाने विचारलं.

"मला भीती वाटणार नाही एवढा."

"मग अख्खा सह्याद्री सपाट करावा लागेल हो!"

हातांनी दगड वाहून तो उतार व्हायला गणपतीपासून शिमग्यापर्यंतचे रविवार लागले. उंबरा गेला तशी क्लबातली बरीच मंडळीही गेली. त्यांना नवे कातळ सापडले. थोडी उरली, ती अजून येतात, चर उपसतात. भावोजींनी त्या दिवसानंतर रानात गाडी चालवलेली नाही. जीप विकली. आम्ही कधी भाड्याच्या गाडीने वर जातो तेव्हा ते माझ्या शेजारी बसतात, आणि ती जागा आली की बोलता बोलता हात जोडतात. मी विचारत नाही. एकाच माणसाला त्याच्या वाट्याचं सगळं धाडस एका सकाळी खर्चावं लागलं, तर मागे काय उरतं ते मला ठाऊक नाही. आईच्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. ती त्याच हाताने भाकरी थापते आणि जावयाला पहिली वाढते.

वाट आता पुरी आहे. पावसाळ्यातसुद्धा रुग्णवाहिका वाडीपर्यंत येते.