भरलेली बॅटरी आणि आमचा उतार

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमचं अपार्टमेंट टेकडीच्या अगदी डोक्यावर आहे. दारातून निघालं की सरळ उतार, खाली ओढा, ओढ्यावर लाकडी पूल, आणि पलीकडे जरा चढ जरा उतार करत रस्ता लेकीच्या प्रीस्कूलला जातो. बघणाऱ्याला छान वाटतं. मला धडकी भरायची. तरी मी तो रोज उतरायचे, मागच्या सीटवर लेकीला पट्ट्याने बांधून, इलेक्ट्रिक सायकलवर.

कार मला येत नाही. नवऱ्याने शिकवायला बसवलं होतं, पण पार्किंगमध्येच समोरून एक मोठा ट्रक आला आणि मी स्टिअरिंग सोडून डोळेच झाकले. मग ह्यांनी तो विषय सोडून दिला. मी बारावीला फिजिक्समध्ये उडालेली, मग लग्न, मग विमान, मग लेक. इंग्लिश बोलायचं म्हटलं की वाक्यच जुळत नाही. पण सायकल येत होती, गावाकडे क्लासला सायकलवरच जायचे ना. म्हणून ही लांब पाठीची सायकल घेतली आणि माझं मला बाहेर पडता यायला लागलं. प्रीस्कूल, लायब्ररी, इंडियन ग्रोसरी. कोथिंबीर संपली तर संध्याकाळपर्यंत कुणाची वाट बघायला नको.

त्या सायकलचा ब्रेक मला फार आवडायचा. लिव्हर हलकेच ओढलं की मागच्या चाकातली मोटरच चाकाला आवरून धरते, आणि त्यात जी वीज तयार होते ती परत बॅटरीत जाते. री-जन म्हणतात त्याला. हँडलवरच्या डिस्प्लेवर तेव्हा बारीकसा हिरवा बाण दिसतो, बॅटरीकडे जाणारा. उतार असा हळूहळू उतरायचा, कुणीतरी मागून कॅरिअर धरल्यासारखा. अजून जोरात ओढलं की मग साधे ब्रेक लागतात. मला तेवढं जोरात ओढायची वेळच यायची नाही.

मग एका रविवारी हे म्हणाले, "सायकलच्या फर्मवेअरचा अपडेट आलाय, करून टाकतो." फोनवर काहीतरी दाबलं, डिस्प्ले काळा झाला, परत उजळला. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बॅटरी चक्क शंभर! आधी रात्रभर लावली तरी नव्वदला अडकून बसायची. मी म्हटलं, "अहो, बघा ना, अपडेटने बॅटरी सुधारली."

हे म्हणाले, "मग? कुणी केला अपडेट?"

काय खुश होते मी. गावी आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नसायचा. फोन, इन्व्हर्टर, टॉर्च, जे जे भरता येतं ते लाइट असताना गच्च भरून ठेवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, ते अंगातच आहे. इथे लाइट जात नाही, तरी मी अजून झोपायच्या आधी सगळे चार्जर तपासते.

आणि त्याच सकाळी उतारावर मी लिव्हर ओढलं आणि काही झालंच नाही.

म्हणजे सायकल थांबेचना. मागचा हात कुणी सोडून दिल्यासारखी सुटली. लेक मागून ओरडली, "मम्मा, टू फास्ट! टू फास्ट!" मी घाबरून दोन्ही लिव्हर एकदम आवळले, साधे ब्रेक लागले पण रस्त्यावर पाइनची वाळकी, सुईसारखी पानं पडलेली, चाक घसरायला लागलं, मी पाय घासत घासत कशीबशी पुलाच्या कठड्याला टेकले. लेकीला काही झालं नाही. मी मात्र कठडा सोडायला तयार नव्हते आणि ती मला म्हणत होती, "इट्स ओके, मम्मा."

दुपारी परत येताना पलीकडच्या छोट्या उतारावर भीत भीत लिव्हर ओढलं, तर ब्रेक छान लागला. हिरवा बाणसुद्धा दिसला! दुसऱ्या सकाळी परत तेच, आमच्या उतारावर ब्रेक नाही, बाण करडा. मी उतरले आणि सायकल हाताने धरून खाली नेली.

ह्यांना सांगितलं. ह्यांचं कामच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. सगळा मेनू बघून म्हणाले, "एरर कोड तर काहीच नाहीये. तूच घाबरून नीट ओढलं नसशील."

"मग अपडेटनंतरच कसं व्हायला लागलं?"

"अगं, अपडेट डिस्प्लेचा आहे. ब्रेकचा त्याच्याशी काय संबंध?"

मी सायकल घेऊन दुकानात गेले. तिथली मेकॅनिक बाई चांगली आहे, सायकल घेतली तेव्हा तिनेच सगळं सेट करून दिलं होतं. तिने दुकानामागच्या उतारावर फिरवली, पॅड बघितले, वायर हलवून बघितल्या. ब्रेक एकदम झकास. अपडेटचं सांगावं असं मनात आलं होतं, पण हे म्हणालेत संबंध नाही, आणि इंग्लिशमध्ये कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले.

शुक्रवारी ह्यांनी ठरवूनच टाकलं. "उद्या दुपारी परत देऊन टाकू. लेक मागे बसते यार, रिस्क नको. तू कार शिकलीस की परत प्रीस्कूल सुरू करू." ह्यांना तिच्या शाळेच्या वेळेआधीच ऑफिसला निघावं लागतं, सोडणार कोण? म्हणजे लेक घरी, मी घरी, आणि मी कार कधी शिकणार ते आम्हा दोघांना माहीत होतं. भांडणार तरी कशी? घाबरले तर मीच होते.

शनिवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता ती एकदम ओरडली, "अगं थांब, टाकी भरली! वरून वाहतंय सगळं!" आणि मोटर बंद करायला पळाली. फोन ओट्यावरच राहिला, मला नुसतं छत दिसत होतं आणि गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. भरलेल्या टाकीत अजून पाणी मावणार कुठे? ब्रेक लावला की वीज बॅटरीत जाते. सकाळी बॅटरी गच्च भरलेली असते. मग ती वीज जाणार कुठे? जागाच नाही, म्हणून मोटर चाकाला धरतच नाही! दुपारपर्यंत बॅटरी उतरते. दुकानात जाईपर्यंतही उतरते.

मी आईला न सांगताच फोन ठेवला. "अहो! उठा! सायकल आत्ता शंभर आहे ना? उताराने खाली जा. लिव्हर जोरात ओढायची तयारी ठेवा, पण आधी हळूच ओढा."

"कशाला?"

"जा ना! तुम्ही टेस्टर आहात ना? मग टेस्ट करा."

लेक आणि मी वर उभ्या. हे उतरायला लागले आणि थोड्याच वेळात खालून आवाज आला, "अगं आई गं!" लेक टाळ्या वाजवत म्हणाली, "डॅडी इज स्केअर्ड टू!"

मग मी त्यांना पलीकडच्या चढावर मोटर लावून फेऱ्या मारायला लावल्या, बॅटरी बरीच खाली येईपर्यंत. घामाघूम होऊन वर आले, "आता?" म्हणाले. म्हटलं, आता परत उतरा. ह्या वेळी सायकल हळूहळू, शहाण्यासारखी खाली गेली. हे पुलावर थांबले आणि तिथूनच ओरडले, "बाण हिरवा आहे!"

वर येऊन आम्ही दोघांनी मिळून मेनू शोधला. ह्यांनी वाचलं, मी चित्रं बघितली. एका पानावर बॅटरीचं चित्र आणि पुढे शंभर. चार्जिंग कुठे थांबवायचं त्याचं सेटिंग. अपडेटने ते पुसून कंपनीतून येतं तसं केलं होतं.

दुपारी दुकानात गेलो, पण परत द्यायला नाही. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये, हात हलवत, आईच्या टाकीसकट. मेकॅनिक बाई ऐकता ऐकता कपाळाला हात लावून म्हणाली, तुम्ही टेकडीवर राहता म्हणालात म्हणून मीच तर ते नव्वदला लावलं होतं! अपडेट झालाय हे मला आधी कळलं असतं तर! मग म्हणाली, आता अपडेट करून जो येईल, त्याला मी टाकीची गोष्ट सांगणार.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "फिजिक्समध्ये नापास कुणी केलं गं तुला?"

मी खिडकीत बघून हसत होते, ते त्यांना काचेत दिसलं असणार.

सोमवारी बॅटरी नव्वदला थांबलेली. नव्वद बघून मला अजूनही जरा चुकल्यासारखं होतं, अर्धवट भरलेल्या हंड्यासारखं. लेकीला बांधलं, हेल्मेट घातलं, उताराच्या तोंडाशी आले. लिव्हर हलकेच ओढलं. हिरवा बाण लागला आणि सायकल मागून धरल्यासारखी झाली.

अर्ध्या उतारावर लेक कुरकुरली, "मम्मा, टू स्लो."

"असू दे," मी म्हटलं. "आपल्याला असंच जायचंय."