किल्लीमामांनी बुजवलेली भेग

किल्लीमामांची आणि माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी तेथे पाटी घेऊन बसले, आणि हायस्कूलचे शिपाई असलेले किल्लीमामा रोज संध्याकाळी आमच्यासाठी खोली उघडत. पुढील हकीकत त्यांनी स्वतः मला सांगितली आहे. तिच्यात मी पदरचे काही घातलेले नाही.

हायस्कूलची इमारत फार जुनी झाली होती. वरच्या मजल्यावरील शेवटच्या वर्गात, खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत, एक भेग गेली होती. प्रथम तिच्यात नख जाई, पुढे पेन्सिल जाऊ लागली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नव्या इमारतीसाठी अर्जांवर अर्ज केले. अखेर तपासणीसाठी इंजिनिअर येणार असे ठरले, आणि तेथेच मामांचा घात झाला. साहेब येणार म्हटले की शाळा आरशासारखी लख्ख करायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आदल्या दिवशी त्यांनी भेगेत पुट्टी भरली, घासून सपाट केली आणि वर रंगाचे दोन हात दिले. इंजिनिअरसाहेबांनी भिंत ठोकून पाहिली आणि आणखी दहा वर्षे चिंता नाही, असे लिहून दिले.

"वा! हात इतका साफ, की इंजिनिअरसुद्धा फसला की हो!" रात्री जेवताना मामांची बायको हसत म्हणाली.

मामांनी भरले ताट बाजूला सारले. चाळीस मुले त्या वर्गात बसत. बोलावे तर नोकरी जाणार. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. न बोलावे तर काय होईल, हा विचार त्यांना करवत नव्हता. वर बाक सरकल्याचा आवाज झाला तरी ते छताकडे बघत. मधल्या सुट्टीत ते गुपचूप जाऊन भिंतीवर तळहात फिरवीत. नवव्या दिवशी रंगावर केसासारखी रेघ उमटली. अकराव्या दिवशी, तास चालू असताना, त्या वर्गाचे दार अर्धे उघडून अडकले. मामांनी नेहमीप्रमाणे रंधा आणला, दाराला लावला, आणि तो तसाच धरून चौकटीकडे पाहिले. दार फुगलेले नव्हते. भिंत खचून चौकट तिरकी झाली होती.

रंधा तेथेच टाकून ते जिना उतरले.

"मोठ्या बाई, वरची भेग मी बुजवली होती. साहेब यायच्या आधी."

बाई ताडकन उठल्या. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? घरी पाहुणे यायचे म्हणून आवरतो, तसं आवरलं."

"अहो मामा, या पाहुण्यांना पसाराच तर दाखवायचा होता!"

पुढे इंजिनिअरसाहेब पुन्हा आले. पुट्टी खरवडल्यावर भेगेतून फूटपट्टी आरपार गेली. आज तेथे नवी इमारत उभी आहे आणि मामांची नोकरीही टिकली. परंतु त्या घटकेला त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. बाईंपुढे त्यांनी हात जोडले.

"माझं काय करायचं ते नंतर करा, बाई. आधी वरची मुलं खाली आणा. पळवू नका, हळू आणा."