जांभळांचे दिवस

इस्पितळात आईच्या शेजारच्या खाटेवर सुमनमावशी होत्या. पित्ताशयातल्या खड्यांनी त्यांची आतली एक रक्तवाहिनी घासून घासून फोडली होती. रक्त पित्तनलिकेतून आतड्यात उतरत राहिलं आणि शी डांबरासारखी काळी होत गेली. मावशींनी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. "जांभळांचे दिवस होते. वाटलं, त्यानंच झालं असेल. आणि असलं सांगायचं तरी कुणाला?" त्या मला म्हणाल्या.

घरातल्या प्रत्येकाचं पोट मावशींसारख्या बायकांना पाठ असतं. कुणाला वांगं बाधतं, कुणाला हरभऱ्याची डाळ जड जाते. स्वतःच्या पोटात कळ आली की मात्र तिला पित्त म्हणायचं, आमसुलाचं पाणी प्यायचं आणि कणीक मळायला घ्यायची.

काल भेटीच्या वेळी त्यांची धाकटी जाऊ आली. बोलता बोलता तिनं उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला. "काही नाही, जरा पित्त झालंय," ती म्हणाली.

मावशींनी तिचं मनगट पकडलं. वॉर्ड माणसांनी भरला होता, खाटेच्या पायथ्याशी दोघींचे सासरे उभे होते. आवाज जराही खाली न आणता मावशींनी विचारलं, "खरं सांग, शी काळी होते का गं तुला?"