सडकेच्या आखणीत आलेलं दगडांचं रिंगण

हदगावच्या पुढे सडकेच्या आखणीत दगडांचं एक मोठं रिंगण आलंय, असं मामांनी सांगितलं. ते त्या कामावर ओव्हरसियर होते. मी हैदराबादेत नकाशाकाम शिकून नुकतीच नांदेडला परतले होते. असली रिंगणं म्हणजे इतिहासापूर्वीची थडगी, एवढं वाचलं होतं. मोजायला म्हणून मामांबरोबर निघाले.

तेव्हा हदगावपर्यंत मोटार होती, भाडं निजामाच्या हाली नाण्यात बारा आणे. पुढे बैलगाडी. काळ्या मातीत चाकं रुतायची, म्हणून दिवाळीनंतर गेलो; तुम्ही जाल तेव्हा पाणी सोबत घ्या.

रिंगण कोंडाबाईंच्या कापसाच्या शेतात होतं. सव्वीस दगड, बहुतेक कमरेएवढे. मधला उंचवटा जेमतेम गुडघ्यापर्यंत. पाहून भारावून जाल, असं मी म्हणणार नाही. फितीचं दुसरं टोक कोंडाबाईंनी धरलं. दुपारी भाकरी आणि अंबाडीची भाजीही त्यांचीच.

सडकेचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराला ते दगड गिट्टीसाठी हवे होते. मामा म्हणाले, "देवस्थान असेल तरच सडक वळवता येते. नाहीतर उद्या फोडायला घेऊ."

"देव न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या. "कुणाची तरी मेलेली माणसं हायत. आपली न्हाईत म्हून फोडायची व्हय?"

मामा फीत गुंडाळू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर सर्वांत मोठा दगड शेंदराने माखलेला, पुढे नारळ फोडलेला. शेजारी कोंडाबाई. बोटं शेंदरी.

"घ्या साहेब, रातीत देव उगवला!" गुत्तेदार हसला. "काय ओ बाई, बारसं तरी केलं का त्याचं?"

"त्यालाच इचारा. माझ्यापरीस लई थोरला हाय त्यो."

मामा माझ्याकडे वळले. "काल तू एकेक दगड मोजलास. शेंदूर होता?"

कोंडाबाई माझ्याकडे न बघता नारळाची शकलं गोळा करत राहिल्या.

"मी उंची-रुंदी मोजली, मामा. रंग माझ्या कामात येत नाही."

मामांनी मला जरा वेळ न्याहाळलं. मग मुकादमाला म्हणाले, "आखणीच्या खुंट्या उपटा. डावीकडून घेऊ." गुत्तेदार थुंकला आणि गाडीकडे गेला.

सडक केव्हाच झाली, मामाही निवृत्त झाले, म्हणून आता लिहिते. सपाट रानात मोटार उगाचच वळल्यासारखी वाटेल, तिथे उतरा.

तेव्हा नांदेडला येऊन मी नकाशा शाईने पक्का केला. मोठ्या दगडापाशी लिहिलं, 'पूजेत आहे.' खाली तारीख घातली. मोजणीच्या दिवसाची नाही, दुसऱ्या दिवसाची.